शेवंतीचा डावा पाय

३ डिसेंबर, बुधवार

शेजारच्या प्लॉटमधल्या लिदीबद्दल घोडेवाल्या फकिराला झापायला गेले आणि त्याच्या घोडीचा पाय बघून आले. शेवंती, वरातीची पांढरी घोडी. मागचा डावा पाय खुराच्या वर सुजून खांब झालेला. काटा रुतलाय — चार दिवस! "उतरंल, मॅडम." आपोआप? जनावरांच्या डॉक्टरला, संजनाला, मीच फोन केला. तिने काटा काढला, इंजेक्शन दिलं.

फकिरा म्हणाला, "वरातीला आता जीपा लागत्यात लोकांना. येवल्याच्या घोडेबाजाराला न्यायची का नाय, ते पायावर ठरंल." म्हणजे पाय बरा झाला तर ठेवणार. मग बरा करायचाच.

५ डिसेंबर

सकाळ-संध्याकाळ पाइपने गार पाणी, वीस मिनिटं. मग बँडेज. गुंडाळायला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेसने शिकवलं होतं. पासष्टाव्या वर्षी ते घोडीला बांधीन, हे तिच्या स्वप्नातही आलं नसेल.

७ डिसेंबर

फकिरा शेवंतीला फिरवायला काढत होता. मी दारात आडवी उभी राहिले. सुजल्या पायाने चालायचं?

"उभं राहून जनावर आखडतं, मॅडम."

मला शिकवू नका, म्हटलं. त्याची बायको नवसाबाई हसली. "घ्या, आता घोडी मॅडमला इचारून पाय उचलनार." शेवंतीला परत खुंट्याला बांधायला लावलं.

९ डिसेंबर

जखम भरली. सूज जशीच्या तशी. शेवंतीने माझ्या पर्सचा पट्टा चावला. शिस्त नाही. बरं वाटलं.

१० डिसेंबर

संजना आली. "हिला बांधून कोणी ठेवलं? काटा निघाल्यावर हळूहळू फिरवायचं होतं. उभं राहूनच सूज उतरत नाहीये."

मी पाइप गुंडाळायला लागले. फकिरा आभाळाकडे बघत होता. उद्धट माणूस.

१३ डिसेंबर

आता मीच फिरवते. कॉलनीला तीन फेऱ्या. सोसायटीचे सेक्रेटरी शेखर म्हणाले, "बाई, हे काय नवीन?" तुम्ही कुत्रा फिरवता तेव्हा मी विचारलं का? सूज अर्धी उतरली. मला मात्र झोप पूर्ण लागते. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच.

१५ डिसेंबर, सोमवार

उतरली सूज! दोन्ही पाय चाचपून पाहिले, सारखेच. फकिराने तिला दुडकी पळवून दाखवली. "आता कुणालाबी पसंत पडंल."

पडणारच, म्हटलं. कष्ट कोणाचे?

१६ डिसेंबर, मंगळवार

तबेला रिकामा. नवसाबाई झाडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पहाटंच येवल्याला नेली. लंगड्या घोडीला कोन घेतंय, मॅडम? आता चाल सरळ झाली ना."

द्वारका चौकात येवल्याची बस मिळाली. त्यातच बसून लिहिते आहे. चेकबुक घेतलंय. घोडी ठेवायची कुठे, ते वाटेत निफाड येईपर्यंत ठरवते.