पीटरचा ट्रक सुरू झाला

आइंडहोव्हन, रविवार, ७ मार्च २०२१

शेजारच्या ऐंशी वर्षांच्या पीटरचा जुना ट्रक आज सुरू झाला. त्यांचे हात थरथरतात, म्हणून लॉकडाउनभर त्यांच्या शेडमध्ये जाऊन कार्बुरेटर मीच खोलला, त्यातले पेट्रोलचे बारीक जेट साफ केले, नवा फ्लोट बसवला. इंजिन धडधडलं तसा म्हातारा टाळ्या वाजवायला लागला.

तेवढ्यात त्यांचा मुलगा आला. वर्षभर कोरोनाचं निमित्त सांगून फिरकला नव्हता. म्हणाला, "वा! आता गिऱ्हाईक उद्याच घेऊन जाईल."

पीटर मान खाली घालून हात पुसत राहिले. म्हणजे ट्रक विकायचाय हे त्यांना ठाऊक होतं? मग मला का नाही सांगितलं?

संध्याकाळी कुंपणाशी येऊन म्हणाले, "सांगितलं असतं, तर तू आला नसतास."

खरंच नसतो गेलो; नुसती त्यांना सोबत म्हणून तर नाहीच. त्यांच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग येतोय.