मायदेलिनने बदललेले पत्ते

मायदेलिन,

बाराकोआहून वर जाणारा ट्रक आज लवकर आला, म्हणून तुला न उठवता धड्यांची डिस्क घेऊन डोंगरावरच्या शाळेत चाललो आहे. कॉफी गाळून ठेवली आहे, उकडलेला कसावा कंद झाकला आहे.

काल तुझ्यावर ओरडलो, ते चुकलं. धड्यांतून चित्रांकडे नेणारे माझे सगळे दुवे तू पुसून दुसरे घातलेले पाहून डोकंच फिरलं. तू म्हणालीस, "आजोबा, त्यांत पत्ता आपल्या कॉम्प्युटरचा आहे. इथे ते चालणारच! शाळेत हा कॉम्प्युटर कुठून आणणार?" मी म्हणालो, "शहाणपणा पुरे." गेल्या महिन्यात तिथल्या मुलांना एकही चित्र दिसलं नाही, ते यामुळेच. मी मात्र तिथल्या शिक्षिका नेरेइदाबाईंच्या जुन्या यंत्राला नावं ठेवत होतो.

पहाटेच डिस्क शेजारी ओस्मेलच्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. तुझ्या दुव्यांत पूर्ण पत्ता नाहीच. 'इथून एक पायरी वर, मग चित्रांचं फोल्डर' एवढंच आहे. डिस्क कुठेही लावली तरी वाट तीच. चाळीसच्या चाळीस धडे चित्रांसकट उघडले!

ओस्मेल म्हणाला, "म्हातारबा, नात तुमच्या पुढे गेली की!"

मी ऐटीत म्हटलं, "तिला शिकवलं कोणी?"

खरं तर हे मी तुला शिकवलेलंच नाही. आज शाळेत सगळ्यांसमोर तसंच सांगणार आहे.

तुझा आजोबा