माझ्या लग्नापायी अडलेला दाखला

३ नोव्हेंबर, मुरुम

पुन्हा तेच! माझा थोरला भाऊ अण्णा आणि वैनी त्यांच्या शंभूला सोलापुरात रक्त चढवून परतले. माझा भाचा, चार वर्षांचा, थॅलेसेमिया – अंगात रक्तच नीट बनत नाही. दर महिन्याला सुई. गुरुवारी धाराशिवला शिबिर आहे – दिव्यांगाचा दाखला मिळाला की पोरगं मोफत उपचारांच्या योजनेत बसतं. अण्णानं विषय काढला, तर अप्पा गरजले, "माझ्या लेकीचं, ह्या महेश्वरीचं लगीन होऊ दे आधी! दाखला काढला की गावभर बोभाटा. पाव्हणे माघारी जातेत."

अण्णा उठून बाहेर गेला. वैनी भाकरी थापत राहिली.

५ नोव्हेंबर

अमरनाथ मला आवडलाय. इथं तरी कशाला लपवू! बेंबळीहून बघायला आला, अंगावर उप्पीट सांडलं, स्वतःच हसला. त्या दिवशी अप्पांनी शंभूला शेजारच्या इरम्माकडं दडवलं होतं.

पोराचं औषध अडवून माझी हळद? नको मला.

६ नोव्हेंबर

मी गेलेच धाराशिवला! वैनीला आणि शंभूला घेऊन, पहिल्या एसटीनं. घरी चिठ्ठीसुद्धा नाही.

रांगेत पुढं एक माणूस – तोंडाला रुमाल, कडेवर पोरगी. शंभूनं रुमाल ओढला. अमरनाथ!! कडेवर त्याच्या बहिणीची मुलगी. आजार तोच.

बिचारा चाचरत म्हणाला, "घरचे म्हणले, लग्नापत्तुर कुणाला कळू द्यायचं न्हाय."

मी इतकी हसले की वैनी घाबरली. इकडं आम्ही लपवतोय, तिकडं ते! दोन्ही घरं एकाच माळेचे मणी. आता दडवायचं काही उरलंच नाही, इतकं हलकं वाटलं!

डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. "तुमचं ठरलंय? मग लग्नाआधी दोघंही रक्त तपासा. तुम्हाला त्रास नसला तरी दोष रक्तात असू शकतो. दोघांतही निघाला, तर तुमच्या मुलाला हाच आजार होऊ शकतो."

दिलं रक्त. अमरनाथ सुईला घाबरतो!

७ नोव्हेंबर

अप्पा बोलत नाहीत. अव्वानं मात्र लेकीच्या कौतुकानं गुपचूप हुग्गी केली, गव्हाची गोड खीर.

१९ नोव्हेंबर

शंभूचा दाखला आला. योजनेत बसला! अप्पांनी स्वतः तो देवापुढं ठेवला.

संध्याकाळी अमरनाथचा फोन. रिपोर्ट आले. दोष दोघांच्याही रक्तात आहे.

बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.