सात पॉइंट दोन

४ मार्च

संपली एकदाची प्रॅक्टिकल परीक्षा! पायांचे तुकडे पडलेत. पाठीचं तर बोलायलाच नको.

यंदाही सीरम माझंच. बाजारातलं मागवायचं तर तीन सह्या गोळा करा, हात जोडा, आणि ते येणार परीक्षा आटोपल्यावर! त्यापेक्षा आदल्या दिवशी मामांपुढे दंड धरला की काम झालं. लॅबमध्ये तेच टेक्निशियन, सुई लागलेली कळत नाही. रक्त फिरवायचं, वरचं पिवळं सीरम बाटल्यांत भरायचं, त्यातलं प्रोटीन मुलांनी मोजायचं. नोकरीला लागल्यापासून हेच चालू आहे. उत्तर मला पाठ — सात पॉइंट दोन. पहिल्या वर्षी स्वतः तीनदा मोजलं होतं. नॉर्मल माणसाचं नॉर्मल रक्त.

सगळ्यांचं बरोबर आलं. सात-एक, सात-दोन, सात-तीन. शिकवलेलं वाया जात नाही तर!

फक्त कासवाचं चुकलं. ही मुलगी पिपेट अशी धरते की जणू हातात झोपलेलं बाळ आहे. सगळे उठून गेले तरी हिचं चालूच. आणि उत्तर काय लिहिलं? दहा पॉइंट आठ! मी म्हटलं, "अगं, हे रक्त आहे की डिंक?" बाहेरून आलेले परीक्षक हसले. ती नाही हसली. म्हणाली, "मॅडम, दोनदा केलं. नमुना एकदा तुम्ही स्वतः बघाल का?" म्हणजे चूक नमुन्याची! डोकंच फिरलं माझं. लाल पेननं फुली मारली.

परीक्षक म्हणाले, "द्या हो मॅडम, पास होण्यापुरते द्या. तिसरी खेप आहे तिची." मी म्हटलं, उद्या हीच पोरगी चुकीचा रिपोर्ट वाचून कुणाला तरी चुकीचं औषध देईल. त्यांनी सही केली. व्हायवा बरी दिली होती तिनं. पण चूक ती चूक.

५ मार्च

पाठ. गोळी घेतली. नव्या खुर्च्या आणणाऱ्याला त्यांच्यावरच महिनाभर बसवायला हवं.

११ मार्च

निकाल लागला. कासव नापास. तीन खेपा संपल्या, म्हणजे आता कॉलेजच सुटलं. नियम आहे.

दुपारी केबिनशी आली. सोबत वडील होते. हातात टोपी, मान खाली. मी दारातूनच म्हटलं, "रडारड करायची असेल तर ऑफिसात जा, माझ्या हातात काही नाही." ती म्हणाली, "रडायला नाही आले. तुमच्याशी एकटीशी बोलायचं होतं." मी दार लावून घेतलं. असली बोलणी कुठे जातात ते मला चांगलं ठाऊक आहे.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "दोन मिनिटं ऐकून घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं?" ह्यांना सगळ्यांचीच दया येते. रिटायर झाल्यापासून तर जास्तच.

२३ मार्च

पाण्याची बादली उचलायला वाकले आणि बरगडी मोडली! हसावं की रडावं! हाडांचे डॉक्टर माझेच विद्यार्थी निघाले. फोटो दोनदा उजेडाला धरून बघितला. मग म्हणाले, "मॅडम, रक्ताच्या थोड्या तपासण्या करून घेऊ." मी म्हटलं, "थोड्या म्हणजे कुठल्या?" तर कागद उलटा धरला. मला चकवतो! ह्याला बायोकेमिस्ट्री मीच पाजली.

२५ मार्च

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन आठ. एकूण प्रोटीन — दहा पॉइंट नऊ.

खुर्चीवर बसून होते. हे चहा घेऊन आले, गार झाला, परत घेऊन गेले.

दर वर्षी फळ्यावर मीच लिहिते. पेशंटची पाठ दुखते, रक्त कमी झालंय, हाड उगाच मोडलंय, प्रोटीन दहाच्या वर गेलंय, तर काय विचार कराल? मागच्या बाकावरचे सुद्धा हात वर करतात. हाडातल्या मगजाचा कॅन्सर. मायलोमा.

आणि मी खुर्च्यांना शिव्या देत होते.

मग ते दुसरं सुचलं. दहा-नऊ. दहा-आठ. पोरीचं बरोबर होतं!

२६ मार्च

रजा असून कॉलेजात गेले. सगळे पेपर काढले. मोडकी बरगडी धरून एकेक बघितला. त्याच बाटल्या, तेच रक्त, प्रोटीन जितकं जास्त तितका जांभळा रंग गडद, म्हणजे सगळ्यांच्या नळ्यांत तो सारखाच गडद आला असणार. मग सगळ्यांचं सात-दोन आलं कुठून?

परीक्षेत पहिला आलेला मुलगा जिन्यात भेटला, त्याला धरलं. आधी गुळमुळीत बोलत राहिला. मी म्हटलं, निकाल लागलाय, कुणी तुझा केस वाकडा करत नाही, बोल. तेव्हा म्हणाला, "मॅडम, सीनियर सांगतात. सीरम मॅडमचं असतं, सात-दोनच्या आसपास लिहा. आकडेमोड उलटी करायची, बस. सगळेच करतात. मॅडम, प्लीज..."

सगळेच. किती वर्षं? "आम्हाला सांगणाऱ्यांना पण सीनियरनीच सांगितलं होतं."

पोरं मला मागून 'सात-दोन' म्हणतात हे माहीत होतं. मला वाटायचं, नॉर्मल आकडे घोकून घेते म्हणून. मनातून आवडायचंही थोडं. शी!

म्हणजे इतकी वर्षं कुणी काही मोजलंच नाही. मीसुद्धा नाही. पहिल्या वर्षी मोजलं आणि त्यावर जन्म काढला. मोजलं ते एका पोरीनं. तिला मी हाकललं.

२८ मार्च

एचओडींकडे गेले. सगळं सांगितलं. आधी तब्येतीची विचारपूस — "अरेरे, मॅडम, काळजी घ्या." मग दार लावलं. "हे बाहेर काढू नका. परीक्षेत स्वतःचं रक्त वापरलं, न मोजता उत्तर ठरवलं. तुमची पेन्शन अडकेल. आणि मग त्या बाकी सगळ्यांचं काय करायचं? त्यांना नापास करायचं?"

मी म्हटलं, "त्यांचं काय करायचं ते तुम्ही बघा. मला एका मुलीची जागा परत हवी आहे."

"ती मुलगी गेली मॅडम. विसरा."

घरी येऊन विद्यापीठाला अर्ज लिहिला. चूक माझी, मुलीचं उत्तर बरोबर, तिला पास करा. तीन ओळींत झालं.

३१ मार्च

मगजाची तपासणी झाली. कंबरेच्या हाडात सुई. दुखलं. मायलोमाच. शंका नव्हतीच, तरी कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनी शब्द उच्चारला तेव्हा कुणी तोंडात मारल्यासारखं झालं.

बाई तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. "उशीर झालाय. मूत्रपिंडं अजून तग धरून आहेत, पण फार दिवस नाही धरणार. याच आठवड्यात औषध सुरू करू." मी विचारलं, औषधानं प्रोटीन किती लवकर उतरतं? त्या खूष झाल्या — "मॅडम, अगदी बायोकेमिस्टसारखा प्रश्न! लवकर उतरतं."

हे गाडी चालवत होते. सिग्नल हिरवा झाला तरी थांबून राहिले. मागून हॉर्न.

३ एप्रिल

विद्यापीठाचं उत्तर. परीक्षेचा नमुना शिल्लक आहे का? नाही, मामांनी तेव्हाच बाटल्या धुऊन टाकल्या. बाहेरचा रिपोर्ट चालणार नाही, तो कुणाच्याही रक्ताचा असू शकतो. पुरावा असेल तर समितीसमोर मांडावा. तारीख — २० एप्रिल.

पुरावा आहे ना! माझ्या अंगात आहे! समितीनं आपल्या हातानं रक्त काढावं, आपल्या डोळ्यांनी मोजावं. बघू कोण खोटं म्हणतो.

पण आज औषध घेतलं तर वीसपर्यंत आकडा खाली येणार. मग म्हणतील, कुठे आहे दहा-आठ? मॅडमना भ्रम झाला, आजारी माणूस आहे, सोडून द्या.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. वीसनंतर सुरू करू म्हटलं. त्या ओरडल्याच.

८ एप्रिल

ह्यांच्याशी भांडण. इतकं कधीच झालं नव्हतं. "एका पोरीच्या सीटसाठी मरायला निघालीस?" मी म्हटलं, सतरा दिवसांच्या उशिरानं कुणी मरत नाही. "किडन्या जातात! तूच शिकवतेस ना?" हे ताटावरून उठले. नंतर बाल्कनीत उभे होते, खांदे हलत होते. मी गेले नाही. गेले असते तर औषधाला कबूल झाले असते.

ह्यांना कसं समजावू? इतकी वर्षं शिकवलं ते सगळं खोटं ठरलं. एक तरी मुलगी खरी ठरवून जाऊ दे.

१० एप्रिल

पाय सुजलेत. लघवी कमी होते आहे. फेसाळ. कोणाला सांगितलं नाही. भूक नाही. पाण्याचीसुद्धा चव बदलली आहे.

भीती वाटते. लिहूनच टाकते — खूप भीती वाटते.

१२ एप्रिल

कासव आली होती.

ह्यांनी आणली, मला न विचारता. पत्ता ऑफिसातून काढला, गाडी घेऊन तिच्या गावी गेले. ती एका तपासणी केंद्रात बाहेर बसून पेशंटची नावं पुकारते म्हणे आता. कोचाच्या कडेला टेकून बसली. माझ्या पायांकडे बघत होती. मी म्हटलं, "तुझं उत्तर बरोबर होतं. वीस तारखेला सिद्ध करते. तुझी जागा तुला मिळेल." मला वाटलं, आनंद होईल.

ती म्हणाली, "मॅडम, सात-दोन लिहायचं हे मलाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत असतं. मी लिहिलंही होतं. मग खोडलं. रीडिंग तुमच्या रक्ताचं होतं ना. तुम्हाला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. तोंडानं सांगितलं तर ऐकणार नाही, म्हणून पेपरात लिहिलं. मग केबिनशीही आले."

मी पाय साडीखाली ओढून घेतले.

"आता तुम्ही औषधच घेणार नसाल," ती म्हणाली, "तर मग मी नापास कशासाठी झाले?"