नदी माघारी येते

८ सप्टेंबर २००६
पोचली बाप्पा एकदाची! वलगावहून तापीच्या तोंडाशी यायले दीड दिवस लागला, पण पोरगं स्वतः घ्यायले आलं होतं. गाडीत खिडकीची जागाही मलेच. तीन वर्सं कापसानं हात दाखवला, म्हणून ललित इथं झिंग्याच्या तलावावर रखवालदार झाला. झिंगा म्हणजे मासोळीची मिशाळ बहीण. बांधावर पत्र्याची खोली, समोर खाडी. सून माया पोटुशी, सातवा चालू. आपल्या गावच्या पेढी नदीचं पाणी पूर्णेत, पूर्णेचं तापीत, अन् तापी इथं समुद्रात. म्हणजे मी गावच्या पाण्यामागंच आली. प्रौढवर्गात शिकलेली अक्षरं मोडू नये म्हणून रोज चार ओळी लिहीन.

१० सप्टेंबर
आज नदी उलटी वाहली. दुपारी पाणी समुद्राकडून वर चढलं. माया म्हणे, भरती आहे, दिवसातून दोनदा येते. मी म्हटलं, आमची नदी गेली का गेली, अशी सासरहून पळून येत नाही. दोघंही हसले. पाणी उतरल्यावर चिखलात अनवाणी पायाचे ठसे. बाईचे. खाडीतून बांधाकडे येणारे. परत जाणारे नाहीत.

१४ सप्टेंबर
ठसे दारापर्यंत. ललित म्हणे, कोणी तहानलेली येत असन, आई, तूच तांब्या ठेव, आपल्याकडं ठेवतात तसा. दारी आलेल्याले पाणी देणं आपली रीतच, अन् इथं सारं खारं. ठेवला. घडीभरात रिकामा. बुडाशी गाळ.

१९ सप्टेंबर
शेजारच्या तलावावरची माणिकबाई खानदेशची. दारातला तांब्या पाहून तिनं कपाळच बडवलं. म्हणे, म्हातारे, हे तुले कोणी शिकवलं? खाडीतली ती पोटातल्या जिवासाठी येते. पण जो तिले पाणी देते, बदल्यात त्यालेच नेते. मागच्या रखवालदारानंही बायको पोटुशी असताना गावाहून माय आणली होती. गेला तेव्हा मायशिवाय गेला.
ललितले ठाऊक आहे का, मी विचारलं. ती म्हणे, आषाढातच सांगितलं त्याले.
मले आणलं भादव्यात.

२१ सप्टेंबर
ललितले तोंडावर विचारलं. खाली पाहून जेवत राहिला. मले अजून एक भाकर वाढली, मेल्यानं.
कापसानं दगा दिला तेव्हा मी रडली नाही. आताही नाही. उद्या वलगावले जाते म्हटलं. तो म्हणे, उद्या अमावास्या, मोठी भरती, रस्ता पाण्यात. परवा सोडतो.

२२ सप्टेंबर
माया दिसत नाही. कडी बाहेरून. पत्र्यावर बुक्क्या मारल्या, माणिकबाईले हाका— नुसता वारा—

दुपार. पाणी उंबऱ्यातून आत. खाटेवर बसून लिहून राहिली—

बाहेर ललितचा आवाज. आला म्हटलं, शेवटी पोटचंच—

आतच आहे जी, म्हणते तो. मायाले नाही म्हणत. मायाशी तो जी लावून बोलत नाही—

या जी, म्हणाला. माझ्या पोरानं. कडी काढून राह