तारणाच्या बांगड्या

चि. ताईस आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी कर्ज काढतोय. बँकेतला साहेब म्हणाला, "काका, सोनं तारण ठेवा, व्याज कमी पडेल. बिनतारण घेतलंत तर हप्ता झेपायचा नाही." तिथे सगळं कळलं, बाहेर आल्यावर गोंधळलो.

घरात सोनं म्हणजे तू भांडून जाताना काढून ठेवलेल्या बांगड्या. आईला धड दिसत नाही, तरी रोज डबी उघडून त्या चाचपते. खरं सांगितलं तर ऑपरेशनच नको म्हणेल. नाही सांगितलं, तर रिकाम्या डबीवरून तिला वाटेल, तू आलीस आणि तिला न भेटताच गेलीस.

काय करू, लवकर कळव. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू, तेही कळव.

तुझे बाबा