बाबांच्या अंत्ययात्रेला वाजवणार कोण?

ब्रुसेल्सच्या वेशीवरून,
११ फेब्रुवारी १९७३

चि. एडगार यास थोरल्या भावाचे आशीर्वाद (घेणार असलास तर).

तुझी पाठ, तुझ्या गिलेनचा दमा आणि तुमच्या मांजराचा डोळा, तिन्हींची खुशाली कळव. माझ्या खिडकीतून चौकापलीकडचं तुमचं स्वयंपाकघर दिसतं, तरी पत्र टपालानं पाठवतोय, कारण आपला लिबरल पक्ष डच आणि फ्रेंच असा फुटल्यापासून आपण बोलत नाही.

बाबांचे आता थोडेच दिवस उरलेत. डॉक्टरांनी काल दाराशी उभं राहून मला हळूच सांगितलं. बाबा मात्र पूर्ण शुद्धीत आहेत, बिअर मागतात आणि एकच हट्ट धरून बसलेत: पाद्री नको, चर्च नको, पुढे आपला लिबरल बँड हवा आणि शोकाची धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजायला हवी. आजोबांना तसंच पोचवलं होतं. बाबांनी स्वतः त्या बँडमध्ये एकेचाळीस वर्षं ट्युबा फुंकला, शेकडो लिबरल स्मशानात नेऊन घातले. आता त्यांची पाळी आली तर बँड नाही. याला काय म्हणावं?

तशी पक्षाची कुंडली आधीपासूनच वाकडी. सव्वाशे वर्षांचा पक्ष, देशात सगळ्यांत जुना, स्वातंत्र्य, समता वगैरे सगळं पहिल्या पानावर. पण आजोबांच्या काळी सभेत भाषणं फ्रेंचमध्ये व्हायची आणि खुर्च्या मांडायचं काम डचमध्ये. (आजोबा खुर्च्या मांडत.) मग एकसष्ट साली मतं हवीत म्हणून पाद्र्यांशी पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडण मिटवून टाकलं. बाबा तेव्हा आठवडाभर जेवले नव्हते. चर्चशी भांडण संपल्यावर इतक्या शूर माणसांनी करायचं काय? ती एकमेकांशी भांडायला लागली.

वाटणीची सभा तुला आठवत असेलच. निळ्या मखमली झेंड्याच्या एका अंगावर डच नाव, दुसऱ्यावर फ्रेंच. तर दोन बायका बसवून शिवण उसवली आणि दोन्ही शाखांना एकेक अंग दिलं. बँडमध्ये ज्याचं वाद्य त्याच्या भाषेकडे गेलं. आमच्या डच शाखेकडे मोठा ढोल आणि दोन ट्युबा, तुमच्या फ्रेंच शाखेकडे कॉर्नेट आणि क्लॅरिनेट. परवा आमच्या अर्ध्या बँडनं ती धून वाजवून पाहिली. जिन्यावरून कपाट उतरवत असल्यासारखं वाटलं. तुमची अर्धी बाजू, ऐकतो, डासांसारखी वाजते.

बरं, तेही चाललं असतं. पण वाटणीच्या वेळी सभासदांच्या नोंदवहीत भाषेचा रकाना होता आणि आपल्या बाबांनी तो भरलाच नाही. आपली आई फ्रेंच बोलणारी, बाबा स्वतः डच, घरात भांडण दोन्हीत. कारकून म्हणाला, "भाषा सांगा, काका." बाबा म्हणाले, "लिबरल. लिही." त्यानं काही लिहिलं नाही. झालं, बाबा कुठल्याच शाखेचे नाहीत, आणि बँड फक्त आपल्या शाखेच्या सभासदाला वाजवतो. आमचा बँडमास्तर सिरील मला म्हणतो, "ओमेर, माझी काही ना नाही रे, पण नियम म्हणजे नियम." हा सिरील बाबांच्या हाताखाली शिकला, आणि त्यांचा मार खाऊनच सुरात आला. तुमच्या चिटणीसबाईंनी तर फ्रेंचमधून तीन प्रतींत अर्ज मागितला, खाली सभासदाची सही. म्हटलं, "बाई, अंत्ययात्रेच्या अर्जावर सही कोण करतो?" तर म्हणाल्या, "मग आधी करून ठेवा."

आणि काल चर्चचे पाद्रीबुवा दारात हजर, हातात तांदळाची टार्ट. म्हणाले, "ओमेर, आमचा बँड आहे ना. चौतीस जण. म्हातारबुवांना आम्ही वाजवतो." मी विचारलं, "आणि प्रार्थना?" "ती मागाहून थोडीशी. हवी तर जुन्या लॅटिनमध्ये म्हणतो, म्हणजे तुम्हा भावांना तक्रारीला जागा नको." एडगार, मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. टार्ट मात्र चांगली होती.

गिलेनला नमस्कार सांग.

तुझा (अजून तरी) भाऊ,
ओमेर

ता.क. तुमच्या अंगणातलं नासपतीचं झाड छाटायला झालंय. इथून दिसतं.

ता.क. २. मुद्द्याचं लिहायचं राहिलं. तू कॉर्नेट घेऊन ये, तुझे लोकही आण. सिरीलला मी बघतो. आणि तो नियम, आपल्या शाखेच्या सभासदालाच वाजवायचं हा, वाटणीच्या सभेत मीच मांडला होता. नाहीतर सगळा बँड तुझ्या मागे गेला असता, म्हणून. बाबांचा रकाना कोरा आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. वाटलं, म्हातारा अजून खूप जगेल.

ता.क. ३. पत्र बाबांना वाचून दाखवलं, दुसऱ्या ताज्या कलमासकट. मग म्हणाले, "पाद्रीबुवांना हो म्हणून कळव." मला वाटलं, भ्रमात बोलताहेत. पुन्हा विचारलं, तर तेच म्हणाले, डचमध्ये एकदा, फ्रेंचमध्ये एकदा, आणि तोंड भिंतीकडे केलं. माझं ते आता ऐकायचे नाहीत. तू ये.